पडवीतल्या चार वाट्या : धुराच्या पाण्याचा एक हिशेब

गुहागरच्या किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर आमची रोपवाटिका आहे. हापूसची कलमं, काजू, सुपारी, पावसाच्या तोंडावर मिरीचे वेल, हा मूळ धंदा. चार वर्षांपूर्वी त्यात सक्युलंटचं, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांचं, एक टेबल शिरलं, त्याची आता तीन झालीत. मुंबईहून सुट्टीला आलेल्या माणसाला कलम न्यायला गाडीत जागा नसते, पण तळहाताएवढी कुंडी तो खुशाल मांडीवर घेऊन जातो.

तयार रोपं बाहेरून आणून विकण्यात सुटत काही नाही. निम्मी वाटेतच सडतात. म्हणून गेल्या हिवाळ्यात बियांपासूनच करायचं ठरवलं आणि तीन प्रकारचं बी मागवलं: लिथॉप्स, कोनोफायटम आणि लँप्रँथस. तिन्ही दक्षिण आफ्रिकेकडची, तिन्ही आयझोएसी कुळातली. आमच्या खाजणाच्या बांधावर जाड पानांची, गुलाबी फुलांची सेसुव्हियमची वेल पसरलेली असते, तीही याच कुळातली. म्हणजे भावकीतलं एक घर इथे आधीपासून नांदतंय. तरी पाहुणे रुजायला तयार नव्हते.

हे बी तपकिरीसारखं बारीक असतं. चिमटीत धरलं तर बोटांच्या रेषांत अडकून बसतं, म्हणून चाळलेल्या कोरड्या रेतीत मिसळायचं आणि कागदाच्या घडीतून टिचक्या मारत पेरायचं. रेती नदीची, किनाऱ्याची नाही. मिश्रणात जांभ्याची चाळलेली बारीक खडी. कोकोपीट मी मुद्दाम टाळतो, कारण खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या नारळाच्या सोडणांचं असलं तर त्यातलं मीठ धुता धुता पुरेवाट होते. एवढी काळजी घेऊन नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन ट्रे पेरले. लिथॉप्स आठव्या दिवशी हिरव्या टाचणीच्या डोक्यासारखं दिसायला लागलं. लँप्रँथसचं बी जुनं होतं, पन्नासातली चार उगवली. कोनोफायटम शून्य.

माझी भाची तेव्हा एम.एस्सी. संपवून, नोकरीची वाट बघत, आमच्याकडे राहायला आली होती. तिने ट्रे पाहिले, वही मागितली आणि म्हणाली, "मामा, यांना धूर देऊन बघूया का?"

मला वाटलं चेष्टा करतेय. पण तिने सांगितलं ते असं. केपटाउनच्या कर्स्टनबॉश उद्यानात एक झुडूप कशानेही रुजेना, ऑडुइनिया कॅपिटाटा. ते ज्या फिनबॉस नावाच्या झुडपी रानात वाढतं, ते रान काही वर्षांनी एकदा जळतं आणि जळल्यावर नव्याने उगवतं. सगळे समजत होते की बी उष्णतेने जागं होत असेल. १९९० मध्ये डी लांग आणि बाउचर यांनी दाखवलं की उष्णतेची गरज नाही, नुसता धूर पुरतो. धूर पाण्यात विरघळवून ते पाणी दिलं तरी चालतं. मग धुरातलं नेमकं काय, याचा शोध बरीच वर्षं चालला. २००४ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका अशा दोन ठिकाणी, वेगवेगळ्या गटांना एकच रेणू सापडला. झाडाच्या पेशीभित्तिकेतलं सेल्युलोज जळताना तो तयार होतो. त्याच्या कुटुंबाला कॅरिकिन म्हणतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नूनगार लोकांच्या भाषेत धुराला 'कॅरिक' म्हणतात, त्यावरून हे नाव.

"पण लिथॉप्सच्या माळावर जळायला आहे काय? नुसते गोटे," मी विचारलं.

प्रश्न बरोबरच होता, आणि तिच्याकडे त्याचंही उत्तर होतं. १९९५ मध्ये याच कुळातल्या सक्युलंटवर दक्षिण आफ्रिकेत काम झालं, आगीच्या रानातल्याही आणि कधी न जळणाऱ्या रानातल्याही. न जळणाऱ्या रानातली बीसुद्धा धुराला दाद देतात, असं त्यात दिसलं. कारण असं सांगतात की कॅरिकिन ओळखणारं केएआय२ नावाचं प्रथिन वनस्पतींत फार जुनं आहे, आगीशी संबंध नसलेल्या साध्या तणांतसुद्धा ते सापडतं. झाडाच्या स्वतःच्या कुठल्यातरी संदेशासाठी ते असावं आणि धुरातला रेणू त्या कुलपात चुकून बसणाऱ्या किल्लीसारखा असावा. हे मला पटलं. आमच्या मांगराच्या कुलपाला शेजाऱ्यांची किल्ली लागते, तसंच.

पटलं आणि मी घाई केली. भाची दोन दिवस चिपळूणला गेली तेवढ्यात मी तेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबा घेतला, तळाशी भोक पाडलं, हाताशी होती ती काजूची टरफलं आणि सोडणं त्यात पेटवली, आणि मत्स्यटाकीच्या पंपाने तो धूर पाण्याच्या बाटलीत बुडबुडे काढत सोडला. तासाभरात पाणी काळ्या चहासारखं झालं. डोळे चुरचुरत होते, खोकला थांबेना, आणि आई पडवीतून ओरडत होती की, "मेल्या, घराची लंका करतोस का?" ते पाणी तसंच, न पातळ करता, नव्या पेरलेल्या लँप्रँथसवर ओतलं. तीन आठवडे झाले, एकही बी फुटलं नाही. मागच्या साध्या ट्रेत निदान चार होती.

भाची परत आल्यावर तिने बाटलीचा वास घेतला आणि विचारलं, "मामा, काजूची टरफलं का?" काजूच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं तर फोड येतात हे कोकणातल्या पोरालाही माहीत असतं. ते जाळून त्याचा अर्क मी अंकुरावर ओतला होता. शिवाय पाणी दाट. धुरात बी जागं करणारी द्रव्यं असतात तशीच रोखणारीही असतात, आणि दाट पाण्यात रोखणारी वरचढ होतात. कॅरिकिन अब्जात एक भाग इतक्या क्षुल्लक प्रमाणातसुद्धा काम करतं, त्यामुळे पाणी पातळ केलं तरी ते उरतं. बाकीचं विष मात्र पातळ होऊन निरुपद्रवी होतं. सगळी मेख पातळ करण्यात आहे.

दुसऱ्या खेपेला तिने नुसता भाताचा पेंढा आणि आंब्याचा कोरडा पातेरा घेतला. ज्वाळा होऊ द्यायची नाही, धुमसू द्यायचं. ज्वाळेत सगळं जळून राख होतं, हवी ती द्रव्यं अर्धवट जळण्यात निघतात. पाणी फिक्या चहाच्या रंगाचं झालं. आणि मग तिने ते सक्युलंटला दिलंच नाही. आधी लेट्यूसला दिलं.

मला तो भाग सगळ्यात आवडला. ग्रँड रॅपिड्स जातीचं लेट्यूस उजेडाशिवाय नीट रुजत नाही. पण धुराचं पाणी दिलं तर अंधारातही रुजतं. म्हणजे आपलं पाणी कामाचं आहे की नुसतं कडू, हे दोन-तीन दिवसांत कळतं आणि महागडं बी वाया जात नाही. चार बश्यांत टिपकागद, प्रत्येकीत पंचवीस बिया: एक साध्या पाण्याची, एक दाट धुराच्या पाण्याची, एक दहापट पातळ, एक शंभरपट पातळ. बश्या बिस्किटांच्या डब्यात, डबा काळ्या कापडात गुंडाळून माठाच्या तिवईखाली, कारण लेट्यूसला उकाडा चालत नाही आणि घरात तीच जागा थंड. तिसऱ्या दिवशी उघडलं. साध्यात दोन-तीन पांढरी मुळं. दाट पाण्यात काहीच नाही, बी काळवंडलेलं. दहापटीत मध्यम. शंभरपटीत जवळजवळ सगळं बी फुटलेलं, टिपकागदावर पांढऱ्या स्वल्पविरामांची शाळा भरावी तसं.

मग डिसेंबरअखेर खरी पेरणी केली. लँप्रँथस, प्रत्येकी पन्नास बिया, दोन ट्रे. एकाचं बी शंभरपट पातळ धुराच्या पाण्यात दिवसभर भिजवलेलं, दुसऱ्याचं साध्या. विसाव्या दिवशी धुराच्या ट्रेत एकतीस, साध्यात आठ.

आता इथे थांबलो असतो तर हा लेख अर्धा झाला असता आणि चुकीचा झाला असता. मी तर दोन ओळखीच्या रोपवाटिकावाल्यांना फोनही करून टाकला होता.

खोट काढली ती आईने. ती पडवीत तांदूळ निवडत बसली होती आणि आम्ही आकडे मोजत होतो. तिने विचारलं, "त्या दुसऱ्याला पाणी कुठलं घालतोस?" म्हटलं, विहिरीचं, पाइप तिथेच आहे. "दिवाळी झाली की त्या पाण्यात डाळ शिजत नाही. तुझं बी काय शिजणार त्यात?"

आमची विहीर पावसाळ्यात गोड आणि पाऊस सरला की हळूहळू मचूळ. किनाऱ्यालगतच्या बहुतेक विहिरींचं हेच आहे: गोड्या पाण्याचा दाब कमी झाला की खालून खारं सरकतं. प्यायचं आणि रांधायचं पाणी म्हणून पागोळ्यांचं पाणी टाकीत धरून ठेवतो. धुराचं पाणी करताना भाचीने शुद्ध म्हणून टाकीतलं पाणी घेतलं होतं, आणि नंतर त्या ट्रेला शिंपडलंही तेच, कारण कॅन तिथेच ठेवलेला होता. साध्या ट्रेला पहिल्यापासून शेवटपर्यंत विहिरीचं. म्हणजे एक ट्रे धूर अधिक पावसाचं पाणी, दुसरा बिनधूर अधिक मचूळ पाणी, आणि सगळं श्रेय धुराला.

पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवणाऱ्याकडून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, मागून आणला. टाकीचं पाणी २८. विहिरीचं १,१४०. भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग आतून चार सारख्या स्टीलच्या वाट्या घेऊन आली. आई म्हणाली, "आमटीच्या वाट्या आहेत त्या." त्या तशाच गेल्या, तळाला भोकं पाडून.

चार वाट्या म्हणजे दोन प्रश्न एकदम विचारायची युक्ती. पहिलीत टाकीचं पाणी, धूर नाही. दुसरीत टाकीचं पाणी आणि धूर. तिसरीत विहिरीचं, धूर नाही. चौथीत विहिरीचं आणि धूर, इथे धुराचा अर्क पातळ करायलाही विहिरीचंच पाणी. प्रत्येकीत त्याच पुडीतल्या चाळीस बिया. चारही एका ताटात, ताट पूर्वेच्या कठड्यावर, आणि रोज सकाळी ताट पाव फेरी फिरवायचं म्हणजे एका वाटीला सतत ऊन असं व्हायला नको. वाट्यांवर पाण्याचं नाव न लिहिता तळाशी खुणा केल्या आणि मोजायचं काम माझ्याकडे दिलं, कारण मी धुराच्या बाजूचा माणूस, मला कळू द्यायचं नाही कुठली कुठली.

चोविसाव्या दिवशीचे आकडे असे. टाकीचं साधं: अठरा. टाकीचं धुराचं: सव्वीस. विहिरीचं साधं: पाच. विहिरीचं धुराचं: नऊ.

पाणी बदलल्याने तिपटीच्या आसपास फरक, धुराने दीडपटीच्या आसपास. एकतीस आणि आठमधली मोठी दरी बहुतेक पाण्याने खणली होती. धुराचा वाटा आहे, दोन्ही पाण्यांत त्याच दिशेने आहे, म्हणून तो खोटा वाटत नाही. पण चाळीस बियांच्या वाटीत अठरा आणि सव्वीस एवढ्यावर मी पैज लावणार नाही. फोन केलेल्या दोघांना पुन्हा फोन केला. एकाने धूर करून झाला होता.

शिवाय त्या सव्वीसमध्येही एक पाचर आहे. सहाव्या दिवशी पहिल्या वाटीच्या कडेने पांढरी बुरशी दिसली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. समुद्राकाठच्या दमट हवेत झाकलेल्या पेरणीवर ती येतेच. धुराच्या दोन्ही वाट्यांत ती आली नाही. धुरात फेनॉलसारखी जंतू मारणारी द्रव्यं असतात. म्हणून तर आमच्याकडे बियाणं चुलीवरच्या शिंक्यात ठेवत. भोपळ्याचं, तवशाचं, पडवळाचं बी धुराने काळं पडायचं आणि त्याला कीड लागायची नाही. तेव्हा धुराच्या वाटीत जास्त उगवलं ते बी जागं झालं म्हणून, की शेजारच्या वाटीत काही बी बुरशीने आतच कुजलं म्हणून? उगवून कोलमडलेली रोपं आम्ही उगवलेली म्हणूनच मोजली, त्यामुळे तो घोळ नाही. पण माती फोडण्याआधीच मेलेलं बी कोण मोजणार? हे वेगळं काढायचं तर माती वाफवून घेऊन पुन्हा चार वाट्या लावाव्या लागतील.

लिथॉप्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ताजं बी होतं, धूर देऊन आणि न देऊन सारखंच उगवलं. फक्त त्याचं फळ एकदा बघावं असं आहे. वाळलेलं फळ म्हणजे लाकडी बटण. त्यावर पाण्याचा थेंब सोडला की बघता बघता पाच-सहा झडपा चांदणीसारख्या उलगडतात, आत बी उघडं पडतं, आणि पुढचा थेंब ते उडवून देतो. वाळलं की चांदणी पुन्हा मिटते. अण्णांनी ते चार वेळा करून बघितलं आणि चष्मा पुसून पाचव्यांदा. त्या झाडाचा सगळा व्यवहार पावसाशी आहे, धुराशी नंतर.

कोनोफायटमची गोष्ट वेगळी. धूर देऊन शून्य, न देऊन शून्य, टाकीच्या पाण्यातही शून्य. ही जात हिवाळी पावसाच्या प्रदेशातली. उन्हाळा झोपून काढते आणि रात्री गार झाल्या की जागी होते. आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातली दुपार तिशी ओलांडते आणि समुद्र रात्रही फारशी गार होऊ देत नाही. दापोलीला आमची आत्या असते, आणि दापोली वर डोंगरावर, लोक तिला मिनी महाबळेश्वर म्हणतात ते उगाच नाही. जानेवारीच्या शेवटी दोन्ही ट्रे, धुराचा आणि बिनधुराचा, एकाच गाडीतून तिच्याकडे पोचवले. आत्याने ते मागच्या अंगणात ठेवले, टाकीचं पाणी आम्ही कॅनमधून पाठवलं. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन: "अरे, मोहरीएवढं हिरवं काहीतरी आलंय दोन्हींत." दोन्हींत, आणि सारखंच. तिथे गारवा मिळाला, धुराला काही कामच उरलं नाही.

या सगळ्या धामधुमीत अण्णांचा एक वेगळा वाद चालू होता. त्यांचं म्हणणं, धुराने बी उगवतं हे आफ्रिकेतून कळायची गरज काय, आम्ही पिढ्यान्पिढ्या भाताचा राब भाजतोच की. उन्हाळ्यात कवळ, पातेरा, शेण अंथरून राबाची जागा भाजायची, पाऊस लागला की त्यात भात पेरायचं, तरवा तजेलदार येतो. भाचीला हा दाखला मोहात पाडत होता, मला नाही. राब भाजण्यात एका वेळी चार गोष्टी होतात: तणाचं बी मरतं, वरचे किडे मरतात, राखेतून पालाश मिळतं, आणि जळक्या कोळशातूनही काही द्रव्यं मातीत उतरतात. त्यातलं नेमकं काय भाताला लागू पडलं, हे राबाकडे बघून सांगता येत नाही. आमच्या पहिल्या दोन ट्रेंसारखंच ते आहे. अण्णांना हे पटलेलं नाही. ते म्हणतात, "उगवतं ना? मग झालं."

आता आम्ही करतो ते असं. सगळ्या सक्युलंटची पेरणी टाकीच्या पाण्यात. पेरणीला नोव्हेंबर नाही, डिसेंबरअखेर. कोनोफायटम थेट दापोलीला. ताज्या बियाला धूर देत नाही. जुनं, हट्टी लँप्रँथस असेल तर पेंढ्याच्या धुराचं पाणी, लेट्यूसवर तपासून, शंभरपट पातळ, एक दिवस भिजवण्यापुरतं. जाळायला फक्त पेंढा आणि पातेरा. रंगवलेलं लाकूड, प्लास्टिक, काजूची टरफलं, उदबत्तीची थोटकं, डासांची अगरबत्ती, यातलं काही नाही.

अर्काची अर्धी बाटली फ्रिजमध्ये उरली आहे. शिमग्याला पाहुणे आले तेव्हा आईने ती कोकमाचं आगळ समजून सोलकढीसाठी बाहेर काढली होती. झाकण उघडल्यावर वासाने वाचलो. भाचीने आता तिला लाल चिकटपट्टी लावून वर काजूच्या टरफलाचं चित्र काढलंय, त्यावर फुली. ती मे महिन्यात नोकरीवर रुजू झाली. वाफवलेल्या मातीच्या चार वाट्या या डिसेंबरात मला एकट्यालाच लावायच्या आहेत, आणि कुठल्या वाटीत काय आहे हे मला कळू न देण्याचं काम आईने घेतलंय. वाट्या मात्र या वेळी प्लास्टिकच्या आणा म्हणाली.